कर्नलने मोठ्या मेमरीच्या मागणीवर वॉर्निंग दिली तर: आधी आकडा, मग फंक्शन

मोठी मेमरी मागितली म्हणून कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) वॉर्निंग आली की नोवॉर्नचा, म्हणजे संदेश दाबणारा, फ्लॅग जोडून तिला गप्प करायचं. तरीही मेमरी मिळाली नाही तर केमॅलॉक (सलग मेमरी देणारं फंक्शन) खोडून तिथे व्हीमॅलॉक (विखुरलेले तुकडे जोडून देणारं) लिहायचं. जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर भागातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांत आणि छोट्या ऑटोमेशनच्या कामांत लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा कोड) उघडून पाहिला की या दोन ‘दुरुस्त्या’ हमखास सापडतात. दोन्ही चुकीच्या क्षणी केलेल्या असतात, कारण एवढी मेमरी नक्की कोण मागतंय आणि तो आकडा कुठून आला, हे कोणी विचारलेलंच नसतं.

या लेखात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. चौथी पायरी आधी करून दुसरीकडे परत आलात तर चूक जागेवरच राहते, फक्त दिसेनाशी होते.

उदाहरण एकच धरू. सावदा-रावेर पट्ट्यात केळीच्या पॅकहाउसमध्ये बेल्टवर कॅमेरा लावलाय. त्याखाली लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड आहे, आणि आपला ड्रायव्हर कॅमेऱ्याची फ्रेम बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) घेऊन वरच्या प्रोग्रामला देतो. फंक्शन, फाईल आणि फ्लॅग यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: कर्नलची आवृत्ती, बोर्डाची एकूण रॅम, कर्नल ३२ बिटी की ६४ बिटी, आणि पानाचा (कर्नल ज्या ठरावीक तुकड्यांत मेमरी वाटतो त्याचा) आकार. शेवटची गोष्ट बहुतेक जण गृहीत धरतात. नेहमीच्या पीसीवर आणि बऱ्याच आर्म बोर्डांवर पान ४ केबीचं असतं, पण रास्पबेरी पाय ५ वर रास्पबेरी पाय ओएसचा नेहमीचा कर्नल १६ केबीची पानं वापरतो. खालचे सगळे आकडे ४ केबीच्या पानाचे आहेत. पाय ५ वर बिनतक्रार चाललेला ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डावर गेला की कुरकुरतो, त्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ ही एक कमांड चालवा आणि खात्री करून घ्या.

आता लॉग. वॉर्निंग पूर्ण हवी, म्हणजे ‘कट हिअर’ या ओळीपासून ‘एंड ट्रेस’ या ओळीपर्यंत. मोबाइलवर काढलेला अर्ध्या स्क्रीनचा फोटो कामाचा नाही. शेतातल्या आणि पॅकहाउसमधल्या बोर्डांची आणखी एक अडचण असते: वीज गेली की बोर्ड बंद, आणि रॅममधला लॉग गेला. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेल्या बोर्डावर ‘व्हार’ खालच्या ‘लॉग’मध्ये ‘जर्नल’ नावाचा फोल्डर तयार करून जर्नलची सेवा पुन्हा सुरू करा. म्हणजे लॉग कार्डावर टिकतो.

बोर्ड किती वेळ सलग चालू होता तेही नोंदवा. ही नोंद वाटते त्याहून फार मोलाची आहे. शेतीच्या फीडरवर जोडलेला बोर्ड दिवसातून एकदा तरी बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दर वेळी त्याची मेमरी कोरी होते. मोठ्या मागण्या त्यामुळे सहज पुऱ्या होतात. तोच बोर्ड इन्व्हर्टरवर किंवा सोलरवर नेला, काही आठवडे सलग चालला, की ‘कालपर्यंत चालत होतं’ अशी तक्रार येते. कोड बदललेला नसतो. रोजचं रीस्टार्ट जी चूक झाकत होतं, ते बंद झालेलं असतं.

शेवटचं, कर्नल आणि मॉड्यूल (कर्नलमध्ये वेगळा चढवता येणारा कोड, इथे आपला ड्रायव्हर) डीबग माहितीसह बांधलेले हवेत. जो कर्नल बोर्डावर चालतोय त्याचीच सिम्बॉल (फंक्शनची नावं आणि पत्ते) असलेली फाईल हाताशी ठेवा. दुसऱ्या बिल्डची फाईल लावली तर ओळ क्रमांक भलतेच येतात आणि अख्खी दुपार वाया जाते.

इशारा: मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमधला बोर्ड उष्णतेने अडकला किंवा आपोआप रीसेट झाला, तर त्याला मेमरीचा दोष समजू नका. मेमरीची मागणी फसली तर आपण वर जपून ठेवलेल्या लॉगमध्ये तिची खूण सापडते. खूण नसेल तर आधी पॉवर सप्लाय आणि तापमान बघा.

## पायरी १: नक्की कोणता संदेश आलाय ते ओळखा

मोठ्या मेमरीबद्दल कर्नल एकाच प्रकारे बोलत नाही. दोन संदेश सर्रास एकमेकांत मिसळले जातात, पण दोघांची कारणं आणि उपाय पूर्ण वेगळे आहेत.

पहिला प्रकार: ‘वॉर्निंग’ या शब्दाने सुरू होणारा, ‘एमएम’ फोल्डरमधल्या ‘पेज-ॲलॉक’ फाईलचा ओळ क्रमांक दाखवणारा. याचा अर्थ, कधीच मिळू शकणार नाही एवढी मागणी तुम्ही केली. कर्नल सलग पानं २ च्या घातांत देतो. ऑर्डर ० म्हणजे १ पान, ऑर्डर ३ म्हणजे ८ पानं म्हणजे ३२ केबी, आणि नेहमीच्या मांडणीत सर्वात मोठी ऑर्डर १०, म्हणजे १०२४ पानं, ४ एमबी. याच्या वर गेलात की मेमरी कितीही मोकळी असो, उत्तर नल पॉइंटर (रिकामा पत्ता) आणि सोबत वॉर्निंग. नवीन बोर्ड, जास्त रॅम, रीस्टार्ट यांनी काही फरक पडत नाही.

दुसरा प्रकार: ‘पेज ॲलोकेशन फेल्युअर’ आणि पुढे ऑर्डरचा आकडा. इथे मागणी नियमात होती, पण त्या क्षणी तेवढी सलग जागा नव्हती. या संदेशाखाली मेमरीच्या स्थितीचा लांबलचक तक्ता असतो. आज येतो, उद्या येत नाही.

तिसराही एक आहे, तुलनेने कमी दिसणारा. केव्हीमॅलॉकला (आधी केमॅलॉक, नाही जमलं तर व्हीमॅलॉक वापरणारं फंक्शन) २ जीबी किंवा त्याहून जास्त आकडा दिला की त्याच्या आतूनच वॉर्निंग येते. ही अट कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. ड्रायव्हरमध्ये हा संदेश दिसला तर जवळजवळ खात्रीने समजा की आकडा बिघडलेला आहे. २ जीबीची खरी गरज असलेला कॅमेरा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही.

तपासा: पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारची वॉर्निंग बूट झाल्यापासून एकदाच छापली जाते. दुसऱ्यांदा चाचणी घेतली, वॉर्निंग आली नाही, म्हणून ‘सुटलं’ असं म्हणू नका. डीबगएफएस (कर्नलच्या तपासणीच्या फाईलींची फाईल सिस्टम) जोडून त्यातल्या ‘क्लिअर वॉर्न वन्स’ फाईलमध्ये १ लिहा, मग पुन्हा चाचणी घ्या. ‘टेंटेड’ फाईलमधला आकडाही बघा. त्यात ५१२ चा बिट असेल तर या बूटमध्ये कुठली तरी वॉर्निंग येऊन गेलेली आहे. बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलचे ४०९६ मिळून तो ४६०८ असा दिसू शकतो.

## पायरी २: आकडा कुठून आला ते शोधा

पहिल्या प्रकारच्या वॉर्निंगमध्ये किती बाइट मागितले ते शब्दांत लिहिलेलं नसतं, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) वरून खाली वाचा. वरच्या ओळी कर्नलच्या स्वतःच्या फंक्शनच्या असतात. त्या सोडून खाली येताना तुमच्या मॉड्यूलचं नाव असलेली पहिली ओळ हवी आहे. आधी प्रश्नचिन्ह असलेल्या ओळी भरवशाच्या नाहीत, त्या वगळा. फंक्शनचं नाव आणि त्यापुढचं अंतर घेऊन कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधली ‘एफ-ॲडर-टू-लाइन’ स्क्रिप्ट चालवली की फाईल आणि ओळ मिळते.

त्या ओळीच्या आधी आकडा छापणारी एक ओळ तात्पुरती घाला. छापताना साइझ-टी या (आकार ठेवणाऱ्या) संख्याप्रकाराला चालणारा फॉरमॅट वापरा. साधा इंट छापला तर बिघडलेला आकडा नेमका शहाण्यासारखा दिसतो.

आकडा हातात आला की तो सहसा या तिघांपैकी एक असतो.

*ऋण आकडा.* हा सर्वात जास्त भेटतो. लांबी देणाऱ्या फंक्शनने चूक झाली म्हणून वजा २२ परत दिला, कोडने तो तपासला नाही, आणि थेट केमॅलॉकला दिला. साइझ-टीला ऋण संख्या माहीतच नाही. ६४ बिटी कर्नलवर तिथे १८४४६७४४०७३७०९५५१५९४ बाइटांची मागणी पोहोचते. १८४४ ने सुरू होणारा वीस अंकी आकडा दिसला की फंक्शन बदलायच्या भानगडीत पडू नका. मेमरीचा इथे काही संबंध नाही, चूक वरच्या फंक्शनच्या उत्तराची आहे.

*गुणाकाराने उलटलेला आकडा.* वरच्या प्रोग्रामने नोंदींची संख्या दिली, तुम्ही तिला प्रत्येक नोंदीच्या आकाराने गुणलं. संख्या २६८४३५४५७ आणि आकार १६ असेल तर गुणाकार ४२९४९६७३१२ येतो. ३२ बिटांत तो मावत नाही, आणि उरतात फक्त १६ बाइट. लक्षात घ्या, इथे वॉर्निंग येणारच नाही. १६ बाइट आनंदाने मिळतील आणि मग कोड त्यात कोट्यवधी नोंदी लिहायला जाईल. वॉर्निंग येते त्यापेक्षा ही परिस्थिती कितीतरी वाईट. त्यामुळे एका ठिकाणी वॉर्निंग आली असली तरी त्याच फाईलमधले सगळे गुणाकार एकदा नजरेखालून घाला. कर्नल ६४ बिटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही चल ३२ बिटी असतील तर गुणाकारही ३२ बिटांतच होतो.

*खरोखरचा मोठा आकडा.* आपल्या कॅमेऱ्याकडे बघू. १९२० गुणिले १०८० ची फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट: ४१४७२०० बाइट. मर्यादा ४१९४३०४. म्हणजे जेमतेम मावली, ४६ केबी शिल्लक. ड्रायव्हर चालतो, प्रात्यक्षिक होतं, मार्क मिळतात. पुढच्या वर्षी कोणीतरी त्याच बफरच्या डोक्यावर मोजमापांसाठी ६४ केबीची जागा जोडतो, एकूण ४२१२७३६ होतात, ऑर्डर ११ लागते, आणि ‘काही बदललं नव्हतं’ असं म्हणत वॉर्निंग पुढे येते.

यात आणखी एक खाच आहे. ८ केबीच्या वरची मागणी केमॅलॉक थेट पानांच्या यंत्रणेकडे पाठवतं, आणि आकडा वरच्या २ च्या घातापर्यंत ओढला जातो. ६४० गुणिले ४८० ची फ्रेम ६१४४०० बाइटांची, पण तिच्यासाठी पूर्ण १ एमबी जातो. ४२४ केबी फुकट. अशी आठ बफर घेतली तर सव्वातीन एमबीहून जास्त जागा कशाच्याही उपयोगाची राहत नाही.

तपासा: पुढे जाण्याआधी एक वाक्य लिहून पूर्ण करता आलं पाहिजे: ‘हा आकडा अमुक ओळीत तयार होतो, आणि तो ठरवतो अमुक.’ दुसऱ्या रिकाम्या जागी ‘वरचा प्रोग्राम’ असं उत्तर आलं तर पायरी ३ वगळायची नाही. ‘हार्डवेअरची मांडणी’ असं आलं तर ती थोडक्यात आटपा.

## पायरी ३: आकड्याला बांध घाला

क्रम असा: वाचा, तपासा, गुणा, मागा. बहुतेक कोडमध्ये तो वाचा, गुणा, मागा, मग तपासा असा उलटा असतो.

लांबी वरच्या प्रोग्रामच्या मेमरीतून एकदाच वाचून स्वतःच्या चलात ठेवा. तपासताना एकदा आणि वापरताना पुन्हा वाचली, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ती बदलू शकतो. तपासणी मग कागदावरच राहते.

कमाल मर्यादा हार्डवेअरवरून ठरवा. कॅमेऱ्याचा सेन्सर जास्तीत जास्त जेवढी फ्रेम देतो, तेवढीच मर्यादा. ‘केमॅलॉक जेवढं देऊ शकतं तेवढं’ ही मर्यादा लिहू नका. ती कर्नलची आहे, तुमच्या उपकरणाची नाही, आणि पानाचा आकार बदलला की बदलते. जुन्या ड्रायव्हरमधून ‘मॅक्स ऑर्डर’ची (ऑर्डरच्या कमाल मर्यादेची) तुलना उचलणाऱ्यांनी विशेष जपा. कर्नल ६.४ मध्ये, २०२३ साली, त्या नावाचा अर्थ एकने सरकला: आधी त्या संख्येची ऑर्डर मर्यादेबाहेर होती, मग मर्यादेच्या आत आली. ६.८ मध्ये, २०२४ साली, नावच ‘मॅक्स पेज ऑर्डर’ झालं. जुनी तुलना नव्या कर्नलवर तशीच चिकटवली तर एक तर बिल्ड तुटतो किंवा मर्यादा एका ऑर्डरने चुकते.

शून्यही तपासा. शून्य बाइट मागितले तर केमॅलॉक नल देत नाही, एक खास पॉइंटर देतं. नलच्या तपासणीतून तो सटकतो आणि पहिल्याच वापरात कोसळतो.

गुणाकार हाताने करू नका. समान नोंदींच्या यादीसाठी ‘केमॅलॉक ॲरे’ किंवा ‘केकॅलॉक’, आणि शेवटी लवचिक यादी असलेल्या स्ट्रक्टसाठी ‘स्ट्रक्ट साइझ’ वापरा. गुणाकार उलटला तर पहिले दोघे नल देतात, तिसरा इतका मोठा आकडा देतो की मागणी फसतेच.

चुकीचे कोड वेगळे ठेवा. मर्यादेबाहेरची मागणी असेल तर ‘इनव्हॅल’. मागणी योग्य पण मेमरी नाही, तर ‘नोमेम’. दोन्हीकडे नोमेम दिलात तर पॅकहाउसमधला माणूस रॅम वाढवण्यासाठी गोलाणी मार्केटच्या चकरा मारत बसेल आणि दोष तसाच राहील.

इशारा: काही मशीनवर ‘पॅनिक ऑन वॉर्न’ चालू असतं. तिथे वॉर्निंग आली की यंत्रणाच थांबते. वरच्या प्रोग्रामने दिलेल्या लांबीवर तुमचा ड्रायव्हर वॉर्निंग काढू देत असेल, तर कोणताही साधा वापरकर्ता एक मोठा आकडा देऊन मशीन पाडू शकतो. याला सुरक्षेचा दोषच म्हणतात.

इशारा: नोवॉर्न इथे लावायचा नाही. तो फक्त संदेश दाबतो. मेमरी मिळत नाहीच. मागणी फसणं तुम्हाला अपेक्षित आहे आणि पुढचा पर्याय कोडमध्ये लिहिलेला आहे, एवढ्याच परिस्थितीत त्याला जागा आहे. त्याचा भाऊ नोफेल (मागणी फसूच देऊ नको असं सांगणारा फ्लॅग) तर मोठ्या मागण्यांवर अजिबात नको. दोन पानांपेक्षा मोठ्या मागणीला तो जोडला तर कर्नल त्याबद्दलही वॉर्निंग देतो.

## पायरी ४: सलग जागा खरंच हवी का?

आता, इथे आल्यावर, फंक्शन निवडायचं.

“सर, मेमरी त बक्कय शे, मंग कर्नल काबर नही देस?” हा प्रश्न ठरलेला असतो. सातबाऱ्यांवर मिळून दहा एकर जमीन आहे, पण चार शिवारांत तुकडे पडलेत. सलग दहा एकरांचा एक ठिबकचा संच टाकायचा म्हटलं तर जागा नाही. मेमरीचं तसंच आहे. प्रॉक फोल्डरमधली ‘बडीइन्फो’ फाईल वाचा. प्रत्येक रांगेत डावीकडून उजवीकडे ऑर्डर ० ते १० च्या मोकळ्या तुकड्यांची संख्या असते. समजा रांग अशी आहे: १४५०, ८२०, ३१०, ४४, ३, आणि पुढे सगळी शून्यं. हिशेब केला तर १८ एमबीहून अधिक जागा मोकळी आहे. पण सर्वात मोठा सलग तुकडा ६४ केबीचा. १ एमबीची फ्रेम इथे सहजासहजी मिळणार नाही.

ऑर्डर ३ पर्यंतच्या नेहमीच्या मागण्यांसाठी कर्नल जिवाचा आटापिटा करतो, अगदी एखादा प्रोग्राम मारूनसुद्धा. त्यापुढच्या मागण्या त्याच्या दृष्टीने महाग. तिथे तो लवकर हात वर करतो. म्हणून ३२ केबीच्या वरचा प्रत्येक केमॅलॉक ‘फसू शकतो’ असंच धरून लिहा.

मग निवड अशी करा.

मेमरी फक्त सीपीयू वाचणार-लिहिणार असेल, तर भौतिक पत्ते सलग असण्याची गरज नाही. केव्हीमॅलॉक वापरा. ते आधी सलग जागा मागून बघतं, मिळाली नाही तर गाजावाजा न करता विखुरलेली पानं जोडून देतं. आकार नेहमीच मोठा असेल तर थेट व्हीमॅलॉक. मात्र ३२ बिटी कर्नलवर व्हीमॅलॉकच्या पत्त्यांची जागाच तोकडी असते (३२ बिटी एक्स८६ वर मूळ मांडणीत १२८ एमबी), तिथे मोठमोठी बफर धरून बसू नका.

मेमरी उपकरण स्वतः लिहिणार असेल, म्हणजे डीएमए असेल, तर व्हीमॅलॉकचा पत्ता उचलून उपकरणाला देता येत नाही. उपकरणाला विखुरलेले तुकडे चालत असतील तर पानांची यादी बनवून ती डीएमए एपीआयकडून मॅप करून घ्या. सलगच लागत असेल तर ‘डीएमए ॲलॉक कोहिरंट’, आणि मोठ्या आकारासाठी सीएमएची राखीव जागा. बूटच्या ओळीत ‘सीएमए=६४एम’ असं लिहून ती वाढवता येते; ‘मेमइन्फो’मध्ये सीएमएची एकूण आणि मोकळी जागा दिसते. कॅमेऱ्यासाठी तर स्वतः बफर बांधायचा हट्टच सोडा. व्हिडिओबफ२ (कर्नलमधली व्हिडिओ बफरची तयार व्यवस्था) मध्ये सलग डीएमए, विखुरलेला डीएमए आणि व्हीमॅलॉक असे तिन्ही प्रकार तयार आहेत.

स्टॅकवर मोठी ॲरे ठेवून सुटका करून घेणारेही भेटतात. ६४ बिटी एक्स८६ वर कर्नलचा स्टॅक अवघा १६ केबीचा आहे. कंपायलर ‘फ्रेम साइझ’ची तक्रार करतो तेव्हा ती ऐका.

इशारा: केव्हीमॅलॉकने घेतलेलं बफर केव्हीफ्रीनेच सोडा. इथली चूक फार फसवी आहे. ताज्या बूटवर सलग जागा मिळते, त्यामुळे केफ्री लिहिलं तरी बिनबोभाट चालतं. बोर्ड खूप दिवस चालला, मागणी व्हीमॅलॉककडे वळली, की तेच केफ्री सगळं कोलमडून टाकतं. केव्हीमॅलॉकचं बफर थेट डीएमएला मॅप करणाऱ्यांचंही असंच होतं: टेबलावर चालतं, शेडमध्ये पडतं. नवे कर्नल व्हीमॅलॉकचा पत्ता आला तर मॅपिंग नाकारून वॉर्निंग देतात, पण ती वेळ येऊ देऊ नका.

## पायरी ५: मागायचं कधी आणि कुठून

मोठं बफर उपकरण जोडलं जातं तेव्हाच, प्रोबमध्ये, एकदा घ्या आणि पुन्हा पुन्हा वापरा. दर फ्रेमला घेणं-सोडणं ही सवय वेगापेक्षा तुकड्यांमुळे महागात पडते.

इंटरप्टमध्ये (उपकरणाने सीपीयूला मध्येच थांबवलं असताना) किंवा स्पिनलॉक (कर्नलमधलं एक कुलूप) धरलेला असताना झोपता, म्हणजे वाट बघत थांबता, येत नाही. तिथे जीएफपी कर्नल (झोपू शकणाऱ्या मागणीचा फ्लॅग) चालत नाही, व्हीमॅलॉक चालत नाही, आणि केव्हीमॅलॉकला जीएफपी ॲटॉमिक (न झोपणाऱ्या मागणीचा फ्लॅग) देऊन मार्ग निघत नाही. ॲटॉमिक मागणी मोठ्या ऑर्डरची असली तर तिच्या यशाची शक्यता सर्वात कमी, कारण पानं हलवून जागा करायला कर्नलला उसंतच नसते. इंटरप्टमध्ये मोठी मागणी दिसली तर फ्लॅग बदलू नका. ती मागणी तिथून उचलून प्रोबमध्ये किंवा वर्कक्यूमध्ये (कामं नंतर उरकणाऱ्या रांगेत) न्या.

इशारा: ‘कॉम्पॅक्ट मेमरी’ फाईलमध्ये दर तासाला १ लिहिणारा क्रॉन जॉब लावून प्रश्न मिटत नाही. निदानासाठी ती फाईल उत्तम: १ लिहिल्यावर बडीइन्फोच्या उजवीकडच्या रकान्यांत आकडे वाढले, तर दोष तुकड्यांचा आहे हे पक्कं झालं. तेवढ्यापुरतीच ती वापरा.

## पायरी ६: नल आला तर

प्रत्येक मागणीनंतर नल तपासा, आणि मागे फिरताना उलट्या क्रमाने सोडा. तिसरं बफर फसलं तर दुसरं, मग पहिलं, मग इंटरप्टची नोंद. जिथे प्रोबमध्ये घेतलेलं रिमूव्हपर्यंत हवं आहे तिथे ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शन वापरली तर हे काम कर्नल करतो. पण डेव्हएमने घेतलेलं बफर हाताने केफ्री केलंत तर ते दोनदा सुटतं.

लहान आकारावर उतरण्याची सोय शक्य असेल तर ठेवा: आठ बफर नाही मिळाली तर चार. बेल्ट थोडा हळू चालेल, बंद तर पडणार नाही.

## पायरी ७: मुद्दाम फसवून बघा

ताज्या बूटवरची चाचणी या दोषासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. फॉल्ट इंजेक्शन (मागण्या मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय) चालू करून कर्नल बांधा, त्यात ‘फेल स्लॅब’ आणि ‘फेल पेज ॲलॉक’ दोन्ही घ्या. मग डीबगएफएसमधून संभाव्यता आणि किती वेळा फसवायचं ते ठरवता येतं.

इथे हमखास चुकणारी जागा: फेल पेज ॲलॉकमध्ये ‘इग्नोर जीएफपी वेट’ मुळात चालू असतं. म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्या, आपल्या प्रोबमधल्या नेमक्या त्याच, फसवल्याच जात नाहीत. तो पर्याय एन करा. ‘मिन ऑर्डर’ ४ वर ठेवलात तर फक्त ३२ केबीच्या वरच्या मागण्या फसतील आणि बाकीची यंत्रणा उभी राहील. पूर्ण मशीन डळमळू नये म्हणून ‘टास्क फिल्टर’ लावा आणि फक्त चाचणीच्या प्रक्रियेसाठी ‘मेक इट फेल’ १ करा.

या क्रमाने चालवा:

१. ‘क्लिअर वॉर्न वन्स’मध्ये १ लिहा, बडीइन्फोची प्रत काढा.

२. ड्रायव्हरला सर्वात मोठी वैध लांबी द्या. चाललं पाहिजे.

३. त्याहून एक बाइट जास्त द्या. इनव्हॅल हवा, आणि लॉग कोरा.

४. शून्य, वजा एक आणि पायरी २ मधली २६८४३५४५७ ही संख्या द्या. तिन्हींना इनव्हॅल.

५. फॉल्ट इंजेक्शन चालू करून वैध लांबी द्या. नोमेम हवा, कोसळणं नको. लॉगमध्ये ‘फॉल्ट इंजेक्शन: फोर्सिंग अ फेल्युअर’ दिसलं तर घाबरू नका, ते आपणच घडवलंय.

६. फॉल्ट इंजेक्शन बंद करा, मॉड्यूल शंभरदा चढवा-उतरवा, मग ‘केमेमलीक’ला (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारी कर्नलची सोय) स्कॅन सांगून निकाल वाचा.

तपासा: पाचव्या चाचणीत ड्रायव्हर लगेच चालला, नोमेम आलाच नाही, तर खूश होऊ नका. केव्हीमॅलॉकची पहिली मागणी फसून दुसऱ्या वाटेने मेमरी आली असू शकते. दुसरी वाटही फसवायची असेल तर मिन ऑर्डर ० करा, पण टास्क फिल्टर लावलेला आहे ना ते आधी पुन्हा बघा.

सगळं पार पडलं की पायरी २ मध्ये घातलेली आकडा छापणारी ओळ काढा, फॉल्ट इंजेक्शन आणि केमेमलीक वगळून कर्नल पुन्हा बांधा, आणि तोच बोर्डावर चढवा. चाचणीचा कर्नल शेडमध्ये जाऊ देऊ नका; केमेमलीक स्वतःच बरीच मेमरी खातं, आणि पुढची तक्रार नेमकी त्याचीच असेल.